कार्यस्थळी डिफिब्रिलेटर : निवड कशी करावी?

कारखान्यात प्रथमोपचाराची पेटी असावी, ही गोष्ट आपल्याकडे आता कोणाला समजावून सांगावी लागत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४५ ने दर दीडशे कामगारांमागे अशी एक पेटी ठेवण्याचे बंधन घातले आणि त्यानंतरच्या कित्येक दशकांत कापूस, पट्ट्या व जंतुनाशक औषध यांची ती पेटी कामगारांच्या परिचयाची झाली. कापणे, भाजणे, हाड मोडणे या प्रसंगी तिचा उपयोग निर्विवाद होय. परंतु एखादा इसम काम करता करता एकाएकी कोसळतो, हाकेला ओ देत नाही, त्याचा श्वास थांबतो, त्या वेळी या पेटीतील कोणतीही वस्तू कामास येत नाही. अशा वेळी उपयोगी पडणारे यंत्र म्हणजे स्वयंचलित डिफिब्रिलेटर. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्यास सर्वत्र ‘एईडी’ म्हणतात आणि या लेखातही तोच शब्द वापरला आहे.

शासकीय कार्यालये, सहकारी कारखाने, शिक्षणसंस्था यांमधून हे यंत्र घेण्याचे प्रस्ताव आता येऊ लागले आहेत. अशा प्रस्तावांच्या टिपणीत किंमत, वजन, हमीचा कालावधी यांचा ऊहापोह असतो. मात्र प्रत्यक्ष प्रसंगी ते यंत्र हाती घेणारा मनुष्य कोण असेल आणि यंत्र त्याला कोणत्या शब्दांत, कोणत्या भाषेत व किती स्पष्टपणे मार्ग दाखवील, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखाचा रोख मुख्यतः या प्रश्नाकडे आहे.

हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणे

या दोन गोष्टींची आपल्या बोलण्यात नेहमी गल्लत होते. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणारी वाहिनी तुंबली म्हणजे झटका येतो. अशा रोग्यास छातीत कळ येते, घाम सुटतो, तथापि तो बहुधा शुद्धीवर असतो व बोलू शकतो. त्याला एईडीची नव्हे, तर तातडीने रुग्णालयाची गरज असते. हृदय अचानक बंद पडणे हा प्रकार वेगळा. त्यात हृदयाच्या ठोक्यांचे नियमन करणारी विद्युत्‌रचनाच विस्कळीत होते. हृदयाचे खालचे कप्पे एकसाथ आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात, रक्त पुढे ढकलले जात नाही आणि मनुष्य काही सेकंदांत बेशुद्ध होतो. झटक्याचे पर्यवसान पुष्कळदा या अवस्थेत होते, म्हणूनच ही गल्लत होत असावी. विजेचा धक्का बसल्यानेही हीच अवस्था उद्भवू शकते. वीजवाहिन्यांवर काम करणारे कामगार आणि शेतीपंपाच्या मोटारीशी झटणारे शेतकरी यांच्या दृष्टीने ही माहिती विशेष महत्त्वाची आहे. अर्थात अशा ठिकाणी प्रथम वीजप्रवाह बंद करावयाचा आणि मगच माणसाला हात लावावयाचा.

अशा रीतीने कोसळलेल्या माणसाला काहीच मदत मिळाली नाही, तर प्रत्येक जाणाऱ्या मिनिटागणिक त्याच्या वाचण्याची शक्यता शेकडा ७ ते १० ने घटते. चार ते सहा मिनिटांनंतर मेंदूला इजा पोहोचू लागते. छातीवर योग्य रीतीने दाब देत राहिल्यास ही घसरण मंदावते. थरथरणारे हृदय मूळ लयीवर आणण्याचे काम मात्र विजेचा नियंत्रित धक्काच करू शकतो. आपल्या राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून सुरू आहे आणि तिचे मोल वादातीत आहे. परंतु कितीही तत्पर रुग्णवाहिका झाली, तरी ती पहिल्या तीन-चार मिनिटांत दारात येईल असे गृहीत धरून चालता येणार नाही. ती मिनिटे सहकाऱ्यांचीच असतात.

सत्तर किलोंपासून दीड किलोपर्यंत

या यंत्राचा पूर्वेतिहास कार्यस्थळाशी निगडित आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत तारांवर काम करणारे लाइनमन धक्का लागून दगावत आणि त्या मृत्यूंच्या चिंतेतून वीज कंपन्यांनी संशोधनास पैसा पुरविला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील विल्यम कौवेनहोवेन हे ते संशोधन करणाऱ्यांपैकी एक. ते डॉक्टर नव्हते, विद्युत् अभियंता होते. छाती न उघडता बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे त्यांनी व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केले. तत्पूर्वी १९४७ मध्ये क्लीव्हलंड येथे क्लॉड बेक या शल्यचिकित्सकाने चौदा वर्षांच्या एका मुलाचे शस्त्रक्रियेच्या वेळी बंद पडलेले हृदय प्रत्यक्ष हृदयाला विजेचा धक्का देऊन पुन्हा चालू केले होते, आणि १९५६ मध्ये पॉल झोल यांनी छातीवरून धक्का देण्याची पद्धत यशस्वी करून दाखविली होती.

तथापि ही सर्व यंत्रे रुग्णालयात बसून होती. रोगी मरतात ते रुग्णालयाबाहेर, तेव्हा यंत्रानेच रोग्याकडे जावयास हवे, हा साधा विचार बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनी १९६५ मध्ये अमलात आणला. मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे सुमारे सत्तर किलो वजनाचे यंत्र त्यांनी रुग्णवाहिकेत चढविले. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस हृदयाची लय स्वतः तपासून धक्का द्यावा की न द्यावा हे ठरविणारी यंत्रे आली आणि डॉक्टरची उपस्थिती अनिवार्य राहिली नाही. आज एईडीचे वजन सामान्यतः एक ते साडेतीन किलो असते. आम्हा कलाशाखेच्या पदवीधरांना विजेचे यंत्र म्हटले की थोडी धास्तीच वाटते. पण या यंत्राची खरी करामत विजेपेक्षा त्याच्या निर्णयशक्तीत आहे. ज्याचे हृदय व्यवस्थित चालू आहे, त्याला धक्का देण्यास ते तयारच होत नाही.

अप्रशिक्षित हातांची कसोटी

सामान्य मनुष्याच्या हाती हे यंत्र द्यावे काय, या शंकेला आता प्रत्यक्ष अनुभवाचे उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकेतील जुगारगृहांच्या सुरक्षा रक्षकांना एईडी वापरण्यास शिकविण्यात आले आणि त्याचा अहवाल २००० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे कोसळणे कोणीतरी पाहिले व ज्यांना तीन मिनिटांच्या आत धक्का मिळाला, अशांपैकी शेकडा ७४ बरे होऊन घरी गेले. तीन मिनिटांनंतर धक्का मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण शेकडा ४९ होते. शिकागोच्या विमानतळांवर जलद चालीने साठ ते नव्वद सेकंदांच्या अंतरावर यंत्रे लावण्यात आली. दोन वर्षांत तेथे धक्का देण्याजोग्या अवस्थेत कोसळलेल्या १८ जणांपैकी ११ जण वाचले आणि त्यांना वाचविणाऱ्यांमध्ये यंत्र पूर्वी कधीही न हाताळलेले प्रवासी होते.

शिक्षकवाचकांना सिअ‍ॅटल येथील एक प्रयोग अधिक रोचक वाटेल. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सहावीत शिकणाऱ्या, यंत्राची ओळख नसलेल्या १५ मुलांपुढे एक पुतळा व एक एईडी ठेवण्यात आले. हेच काम रुग्णवाहिकेवरील २२ प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनाही देण्यात आले. कर्मचाऱ्यांना धक्का देण्यापर्यंत सरासरी ६७ सेकंद लागले, मुलांना ९० सेकंद. फरक अवघा २३ सेकंदांचा! मात्र या निष्कर्षाच्या पोटात एक अट दडलेली आहे, ती आपण नजरेआड करता कामा नये. यंत्र ज्या भाषेत बोलत होते, ती त्या मुलांची रोजची भाषा होती.

यंत्र काय बोलते?

झाकण उघडताच किंवा हिरवे बटण दाबताच एईडी बोलू लागते. छाती उघडी करा, दोन पट्ट्या चित्रात दाखविल्याप्रमाणे चिकटवा, असे ते सांगते. या पट्ट्यांना ‘पॅड’ म्हणतात. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या बाजूस काखेखाली. त्यानंतर कोणीही स्पर्श करू नये अशी सूचना देऊन यंत्र लय तपासते. गरज असल्यास धक्क्याची तयारी करते, धक्का दिल्यावर लगेच छातीवर दाब सुरू करण्यास सांगते आणि दोन मिनिटांनी पुन्हा तपासणी करते. ही साखळी सर्वच यंत्रांत जवळजवळ सारखी असते. फरक पडतो तो सांगण्याच्या पद्धतीत आणि निवड करताना पारख करावयाची ती याच ठिकाणी.

काही यंत्रे ठराविक वेळाने पुढील सूचना उच्चारत जातात, मग ऐकणाऱ्याची कृती झालेली असो वा नसो. काही यंत्रे कृती पूर्ण झाल्याचे ओळखतात आणि तोवर तीच सूचना, कधी अधिक सोप्या शब्दांत, पुन्हा सांगतात. नवख्या माणसासाठी दुसरा प्रकार निःसंशय श्रेष्ठ होय. सदऱ्याच्या गुंड्या काढण्यातच ज्याची बोटे अडखळत आहेत, त्याच्यापुढे यंत्र तीन पायऱ्या निघून गेले, तर त्या मार्गदर्शनाचा उपयोग काय?

दाब देण्याबाबतचे मार्गदर्शनही असेच पाहून घ्यावे. प्रौढ व्यक्तीच्या छातीवर मिनिटास १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावयाचा असतो. बहुतेक यंत्रे ठोक्यांचा आवाज करून गती दाखवितात. काही यंत्रांना दाबाची खोलीही कळते आणि ती ‘आणखी जोराने’ अशी सूचना देतात. नवशिक्या माणसाचा दाब बहुधा कमी पडतो, बरगडी मोडेल या भीतीने हात आखडतो. तेव्हा ही सोय असलेल्या यंत्राला थोडी अधिक किंमत मोजावी लागली, तरी ती उधळपट्टी ठरू नये, असे आमचे मत आहे.

आणखी एक बारकावा आहे. हृदय पूर्णपणे निश्चल झाले असेल, तर यंत्र धक्का देत नाही आणि ‘धक्क्याची आवश्यकता नाही’ असे सांगते. हे वाक्य ऐकून भोवतालची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात, रोगी ठीक आहे असे समजतात आणि हात थांबवितात. वास्तविक दाब चालू ठेवण्याची निकड त्या क्षणी सर्वाधिक असते. म्हणून यंत्र हे वाक्य उच्चारल्यावर लागलीच ‘दाब सुरू करा’ असे सांगते की नाही, हे प्रात्यक्षिकाच्या वेळी आवर्जून ऐकावे.

मराठी कोणती?

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ मध्ये झाला आणि कार्यालयातील कागदपत्रे मराठीत आली. भिंतीवरील यंत्राने मात्र ‘स्टँड क्लिअर’ म्हणावे आणि समोरच्या मदतनिसाने बुचकळ्यात पडावे, अशी स्थिती येऊ शकते. आपल्याकडे स्टँड म्हणजे एस.टी.चा! म्हणून देकारपत्रे मागविताना यंत्र मराठीत बोलते काय, नसल्यास हिंदीत बोलते काय, भाषा बदलावयाची झाल्यास बटण दाबून बदलते की कंपनीच्या माणसास बोलवावे लागते, या प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. ‘अनेक भाषांची सोय’ एवढ्या मोघम शब्दांवर समाधान मानू नये. त्या अनेक भाषांत जर्मन व फ्रेंच असतील आणि आपली एकही नसेल.

मराठी आवाज उपलब्ध असला, तरी तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. ती मराठी कोणत्या वळणाची आहे, हेही ऐकावयास हवे. ‘रुग्णास स्पर्श करण्यात येऊ नये’ हे वाक्य परिपत्रकात शोभते. परिपत्रके लिहिण्यात ज्यांची हयात गेली, त्या आम्हा मंडळींचा याबाबतीतील अधिकार मोठा आहे आणि म्हणूनच सांगतो की, माणूस जमिनीवर पडलेला असताना हे वाक्य कोणाच्याही कानात शिरणार नाही. ‘हात काढा, मागे सरा’ हे शिरेल. वाक्य चार-पाच शब्दांचे असावे, क्रियापद आज्ञार्थी असावे आणि यंत्राच्या भागांना रंगाने ओळखता यावे, जसे ‘चमकणारे नारिंगी बटण दाबा’.

शिवाय ऐकणारे सर्व मराठीच असतील असेही नाही. सोलापूरच्या यंत्रमाग कामगारांत तेलुगू बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. भिवंडीच्या मागांवर आणि चाकणच्या कारखान्यांत उत्तरेकडील कामगार मोठ्या संख्येने आहेत. अशा जागी दोन भाषांत बोलणारे यंत्र आणि चित्रे ठळक असलेले पॅड हा उत्तम मेळ होय. चित्र वाचावयास शाळा लागत नाही. मराठी बोलणारे यंत्र मिळालेच नाही, तर त्याच्या इंग्रजी वा हिंदी सूचना मराठी अर्थासह क्रमाने मोठ्या अक्षरांत छापून पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस लावाव्यात आणि प्रशिक्षणात त्या मूळ आवाजासह पुनःपुन्हा ऐकवाव्यात. हा दुय्यम उपाय आहे, पण निरुपयोगी नव्हे.

जागेनुसार यंत्र

साखर कारखान्याचे उदाहरण घेऊ. गाळप चालू असताना मिल हाऊसमध्ये शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. तेथे यंत्राचा आवाज कितीही खणखणीत असला, तरी केवळ आवाजावर विसंबता येणार नाही. पडद्यावर अक्षरे वा चित्रे उमटणारे, किंवा प्रत्येक पायरीला त्या त्या चित्रापाशी दिवा लागणारे यंत्र हवे. याउलट टाइम ऑफिस किंवा शेतकी विभागाच्या कचेरीत साधे बोलणारे यंत्रही चालेल.

पूर्ण स्वयंचलित यंत्र घ्यावे की अर्धस्वयंचलित, हा वाद येथेच निकालात निघतो. पूर्ण स्वयंचलित यंत्र इशारा देऊन, आकडे मोजून आपण होऊन धक्का देते. अर्धस्वयंचलित यंत्रात लय यंत्रच तपासते, पण धक्क्याचे बटण माणसाने दाबावयाचे असते. पहिल्या प्रकारात घाबरलेल्या माणसाचा बटणापाशी होणारा विलंब टळतो. दुसऱ्या प्रकारात कोणाचा हात रोग्याला लागलेला नाही, याची खात्री करून घेण्यास वाव मिळतो. आपल्याकडे कोणी कोसळला की क्षणात गराडा पडतो. कोणी पाणी पाजू पाहतो, कोणी कांदा हुंगवतो, कोणी तळपाय चोळतो. त्यात आसमंतात गोंगाट असेल, तर यंत्राचा इशारा ऐकू न आलेला एखादा हात रोग्याच्या अंगावर राहण्याचा संभव आहे. यास्तव गर्दीच्या व गोंगाटाच्या जागी अर्धस्वयंचलित यंत्र बरे आणि जेथे दोन-तीनच माणसे कामावर असतात, अशा शांत ठिकाणी पूर्ण स्वयंचलित यंत्राचा विचार करावा, असे आम्हास वाटते.

धूळ, पाणी व उष्णता यांचेही भान हवे. यंत्राच्या कवचाची प्रत ‘आयपी’ या अक्षरांपुढील दोन अंकांनी दर्शविली जाते. पहिला अंक धुळीपासून आणि दुसरा पाण्यापासून मिळणारे संरक्षण सांगतो. आयपी ५५ प्रतीचे यंत्र धुळीला आणि पाण्याच्या फवाऱ्याला दाद देत नाही. भुशाचे कण उडणाऱ्या बॉयलरपाशी किंवा कोकणातील उघड्या पडवीत अशीच प्रत मागावी. बहुतेक यंत्रांच्या वापराची कमाल तापमानमर्यादा ५० अंश सेल्सिअस असते. चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि उन्हात तापलेली लोखंडी पेटी किंवा बंद मोटार त्याच्याही पलीकडे जाते. अतिउष्णतेने पॅडवरील ओलसर लेप सुकतो आणि मग तो अंगाला नीट चिकटत नाही. यंत्र नेहमी सावलीच्या भिंतीवर लावावे.

अंतर नकाशावर मोजू नये, घड्याळ लावून चालून पाहावे, आणि तेही जाऊन येऊन. मुख्य कचेरीत लावलेले यंत्र आणण्यास गव्हाणीपासून वा गाडीतळापासून धावत जाऊन परत येण्यास सहा मिनिटे लागत असतील, तर गव्हाणीपाशी कोसळलेल्या माणसाच्या दृष्टीने कारखान्यात यंत्र नाहीच. शाळेसाठी घ्यावयाचे यंत्र आठ वर्षांखालील अथवा सुमारे २५ किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलांनाही वापरता येईल, असे असावे. काही यंत्रांना मुलांसाठी वेगळे पॅड लागतात, काहींत एक कळ फिरविली की धक्क्याची मात्रा कमी होते. कळ फिरविण्याची सोय अधिक सोयीची, कारण वेगळ्या पॅडची वेगळी मुदत सांभाळावी लागत नाही. मुलांचे पॅड जवळ नसतील, तर प्रौढांचे पॅड वापरावेत, थांबून राहू नये.

वस्त्रे आणि अलंकार

पॅड उघड्या कातडीवर चिकटवावे लागतात. रोगी स्त्री असेल, तर येथे हात थबकतात आणि या संकोचापायी स्त्रियांना मदत मिळण्यास विलंब होतो, असे पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांतही आढळून आले आहे. आपल्याकडे हा संकोच अधिकच असणार. त्यावर उपाय व्यवहारी असावा. प्रत्येक पाळीच्या पथकात स्त्री-कर्मचारी असाव्यात, पेटीत एक चादर ठेवावी, तिचा आडोसा दोघांनी धरावा आणि वस्त्र कात्रीने सरळ कापावे. मंगळसूत्र, साखळी, ताईत काढीत बसण्याचे कारण नाही. ते पॅडपासून बाजूला सरकविले की पुरे. अंग घामाने वा पावसाने ओले असेल, तर छाती कोरडी पुसावी. यासाठी कात्री, टॉवेल, वस्तरा व हातमोजे यंत्रासोबतच बांधलेले असावेत.

खरेदीची टिपणी

वैद्यकीय उपकरणे २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांच्या कक्षेत येतात. तेव्हा विक्रेत्याकडून उत्पादनाचा अथवा आयातीचा परवाना पाहून घेणे हे प्रथम कर्तव्य. डिफिब्रिलेटरसाठी आयईसी ६०६०१-२-४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याचा उल्लेख मागणीपत्रात करावा.

न्यूनतम दराचा आग्रह येथे फसवा ठरू शकतो. पॅड आणि बॅटरी या वस्तू मुदतीच्या आहेत. त्यांची मुदत यंत्रानुसार साधारणपणे दोन ते पाच वर्षे असते आणि पॅड एकदा वापरले की फेकून द्यावे लागतात. यंत्र स्वस्त आणि पॅड महाग, असा सौदा पाच वर्षांच्या हिशेबात महागात पडतो. म्हणून दर मागविताना यंत्र, पाच वर्षांचे पॅड, बॅटरी व प्रशिक्षण यांची एकत्रित रक्कम मागवावी. पोहोचलेल्या पॅडची किती मुदत शिल्लक असावी, हेही अटींत नमूद करावे.

यापेक्षाही मोलाची कसोटी पैशाची नाही. विक्रेत्यांना त्यांची सरावाची यंत्रे घेऊन बोलवावे. एक लिपिक, एक वाहनचालक, एक शिपाई, एक स्त्री-कामगार, एक पहारेकरी अशी यंत्र कधीही न पाहिलेली पाच माणसे एकेक करून आत सोडावीत. समोर पुतळा असावा. ‘हा माणूस कोसळला आहे, हे यंत्र आहे’ एवढेच सांगावे आणि घड्याळ लावावे. पॅड जागेवर लागले का, धक्का किती सेकंदांत मिळाला, कोणत्या सूचनेपाशी माणूस अडला, हे लिहून घ्यावे. दोन-तीन यंत्रांची अशी परीक्षा एका दुपारी होते आणि माहितीपत्रकांच्या ढिगातून जे कळत नाही, ते तीत कळते. या परीक्षेला साहेबांनी स्वतः बसू नये. प्रसंगी यंत्राकडे धावणारे पाय बहुधा त्यांचे नसतात.

ग्रामपंचायतींना एक गोष्ट स्पष्टपणे सांगावयास हवी. लाखाच्या घरातील हे यंत्र पाच माणसांच्या कार्यालयात घेणे ही पहिली निकड नव्हे. जेथे माणसांचा राबता आहे, अशी बाजाराची जागा, एस.टी. स्थानक, यात्रेचे पटांगण, मंगल कार्यालय किंवा गावालगतचा कारखाना यंत्रासाठी योग्य. छातीवर दाब देण्याचे शिक्षण मात्र प्रत्येक गावात लागलीच देता येते. त्यास खर्च जवळजवळ नाही. भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये सामान्य लोकांसाठी जी पद्धती प्रसिद्ध झाली, तीत तोंडाने श्वास देण्याची पायरी वगळून केवळ दाबावर भर दिला आहे. ती शिकविण्यास शाळेचा एक तास पुरतो.

यंत्र आल्यानंतर

कार्यालयात आलेली प्रत्येक वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढते आणि पुष्कळदा तेथेच जड होऊन बसते. एका जिल्ह्याच्या ठिकाणी आम्ही पाहिलेले एईडी काचेच्या कपाटात कुलूपबंद होते आणि किल्ली ज्या कर्मचाऱ्याकडे होती, ते रजेवर होते. चोरीची भीती खोटी नाही, परंतु तिच्यावर उपाय कुलूप नव्हे. दार उघडताच घंटा वाजेल अशी पेटी घ्यावी आणि ती पहारेकऱ्याच्या नजरेसमोर लावावी.

बहुतेक यंत्रे ठराविक काळाने स्वतःची तपासणी करतात आणि सर्व ठीक असल्यास हिरवी खूण दाखवितात. ती खूण रोज पाहण्याचे व महिन्यातून एकदा पॅडची मुदत तपासून सही करण्याचे काम कोणाच्या नावावर न सोपविता पदावर सोपवावे. नावे बदलीने जातात, पद राहते. पॅड व बॅटरी यांची नोंद उपभोग्य वस्तूंत वेगळी घ्यावी आणि मुदत संपण्यापूर्वी तीन महिने मागणीपत्र जाईल, अशी तजवीज ठेवावी.

प्रसंग घडलाच, तर एकाने १०८ ला दूरध्वनी करावा, दुसऱ्याने यंत्र आणावयास धावावे आणि तिसऱ्याने दाब सुरू करावा. आचके दिल्यासारखा येणारा तुटक श्वास हा श्वास नव्हे, त्याने फसू नये. रोगी हालचाल करू लागला, तरी पॅड काढू नयेत व यंत्र बंद करू नये, कारण हृदय पुन्हा थरथरू शकते. रुग्णवाहिकेतील डॉक्टरांना धक्के किती दिले व केव्हा दिले, ते सांगावे. हा तपशील यंत्राच्या स्मृतीतही नोंदलेला असतो आणि रुग्णालयास तो मागाहून काढून देता येतो. त्यानंतर यंत्र पुसून, नवे पॅड जोडून, हिरवी खूण पाहून ते पूर्ववत् भिंतीवर लावावयाचे असते. पॅडची दुसरी जोडी पेटीत पहिल्यापासूनच ठेवलेली असेल, तर हे काम त्याच पाळीत होते. नसेल, तर नवी जोडी मंजूर होऊन येईपर्यंत ती भिंत रिकामीच समजावी लागते.